धोत्र्याचे गणगोत

गेल्या दिवाळीच्या आधी आठ दिवस आमच्या डिलाईल रोडच्या खोलीत मध्यरात्री कापडाची गिरणी सुरू झाली.

गिरणी चालवणारे गृहस्थ एकटेच होते. आमचे आबा, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर. मी दिवा लावला तेव्हा ते पलंगावर ताठ बसले होते. डावा हात पुढे धरलेला, आणि उजव्या हाताच्या चिमटीने ते हवेतून काहीतरी उचलत, डाव्या हाताशी आणत, पीळ देत आणि सोडून देत. पुन्हा उचलत. माझ्याकडे न पाहताच ते म्हणाले, "बाजूला हो. तिसऱ्याचा धागा तुटलाय."

आमच्या सौभाग्यवती घाबरून म्हणाल्या, "आबा, काय शोधताय? पांघरूण हवंय का?" आई मात्र क्षणभर बघत राहिली आणि हलकेच म्हणाली, "त्यांना बोलू नका. साचे चालवतायत ते."

वाचकांपैकी ज्यांचे वडील गिरणीत नव्हते त्यांच्यासाठी सांगतो. साचा म्हणजे माग. आबा १९६४ साली महाड तालुक्यातून मुंबईला आले आणि साचेखात्यात लागले. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार संपावर गेले, त्यांत तेही होते. त्यानंतर त्यांनी साच्याला कधी हात लावला नाही. पुढे रखवालदारी केली, वखारीत काम केले, आणि मला एम्.ए. केले. पण गिरणीविषयी घरात एक शब्द बोलले नाहीत. त्यांच्या गिरणीच्या जागी आता काचेची इमारत आहे. तिच्यासमोरून जाताना ते रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला बघत.

आणि आता हा माणूस रात्री अडीच वाजता चार साचे चालवत होता, मधूनच नावाने हाका मारत होता. ज्यांना हाका मारत होता त्यांतले बहुतेक जण केव्हाच गेले होते. "भोंगा झाला का रे?" असे त्यांनी मला विचारले. मी काय उत्तर दिले ते आठवत नाही. बहुधा "अजून नाही" म्हणालो असेन.

सकाळी चाळीला बातमी लागली. चाळीत रोगाचे निदान डॉक्टरांच्या आधी होते, आणि फुकट होते. शेजारच्या काकूंनी दृष्ट काढली. कोपऱ्यावरच्या खोलीतल्या आजींनी "बाहेरचं आहे" असे सांगून उताऱ्याचे नारळ, लिंबू सगळे तपशीलवार सांगितले. एक निवृत्त हेडक्लार्क म्हणाले, "विसरण्याचा आजार आहे, सर. आमच्या मेव्हण्यांचं असंच सुरू झालं. आता उतरणच." उताऱ्याला मी हसलो. पण हेडक्लार्कांचे बोलणे मात्र मला पटले, कारण ते सुशिक्षित वाटले. डोंबिवलीच्या दादांना फोन केला. ते बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "तुझी दोन खोल्यांची जागा. तुम्ही दोघं नोकरीला. वहिनी किती दिवस रजा काढतील? अशा माणसांना ठेवतात त्या जागांची चौकशी करून ठेव." मी चौकशी केली. एका जागेचा पत्ता आणि महिन्याचा आकार कॉलेजच्या डायरीत लिहूनही घेतला. ते पान अजून आहे.

खरे म्हणजे खुणा आठवडाभर आधीपासून दिसत होत्या. आबांचे तोंड सुकत होते. भाकरीचा घास गिळायला पाणी लागे. आम्ही म्हटले, ऑक्टोबरचे ऊन आहे. वर्तमानपत्राची अक्षरे फुटतात म्हणून त्यांनी ते बाजूला टाकले. आम्ही म्हटले, चष्म्याचा नंबर वाढला. चार दिवस पोट साफ नव्हते. आम्ही इसबगोल दिले. संडासाशी वारंवार जात आणि तसेच परत येत. आम्ही म्हटले, वय झाले. प्रत्येक तक्रारीला आमच्याकडे वेगळे आणि पटण्यासारखे कारण होते. चार कारणे शेजारी शेजारी ठेवून पाहावीत, एवढे कोणाला सुचले नाही. एरवी मी विद्यार्थ्यांना कवितेतल्या प्रतिमा एकमेकींशी जोडून बघायला शिकवतो.

दुसऱ्या रात्री ताप चढला आणि पहाटे आम्ही आबांना परळच्या एका मोठ्या इस्पितळात नेले. तिथे एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या, माझ्या विद्यार्थिनींपेक्षा दोन-चार वर्षांनीच मोठ्या असतील. त्यांनी "आजोबा, जीभ दाखवा" म्हटले. जीभ वाळलेल्या आंब्याच्या सालीसारखी झाली होती. डोळ्यांवर बॅटरी मारली. बाहुल्या मोठ्या, आणि उजेडात लहान व्हायलाच तयार नाहीत. मग त्यांनी जे केले त्याचे मला नवल वाटले. त्यांनी आबांच्या काखेत हात घालून पाहिला. काख कोरडी. अंग तापलेले, चेहरा लाल, आणि घामाचा थेंब नाही. ओटीपोटावर बोटे वाजवून पाहिली आणि नळी घालायला सांगितली. जवळजवळ लिटरभर लघवी तुंबली होती. पोटाला नळी लावून त्या बराच वेळ ऐकत राहिल्या. आत काही हालचाल नव्हती.

"सर," त्या मला म्हणाल्या, "घरी जा आणि घरात असतील तेवढी सगळी औषधं घेऊन या. चिठ्ठ्या नकोत, औषधं आणा. ह्यांची, आईंची, तुमची, सगळी."

आमच्या घरी औषधांचा डबा म्हणजे श्रीखंडाचा जुना डबा. तो घेऊन मी परत गेलो. बाईंनी टेबलावर आबांच्या पोटात जाणाऱ्या गोळ्यांची पाकिटे एका ओळीत मांडली. रक्तदाबाची गोळी उचलून बाजूला ठेवली. "ही निर्दोष." उरली ती अशी. लघवीची घाई होते म्हणून जूनमध्ये एका डॉक्टरांनी दिलेली ऑक्सिब्युटिनिन. पायांची आग होते, झोप लागत नाही, म्हणून दुसऱ्या डॉक्टरांनी दिलेली अ‍ॅमिट्रिप्टिलिन. साफसफाईच्या धुळीने शिंका सुरू झाल्या म्हणून मी स्वतः दुकानातून आणलेली सर्दीची गोळी, जिच्यात क्लोरफेनिरामिन होते. मी ती कर्तव्यदक्षपणे दिवसातून तीनदा देत होतो. पोटात मुरडा आला म्हणून सौभाग्यवतींच्या उरलेल्या पाकिटातली डायसायक्लोमिन. आणि शेवटी छातीसाठी ओढायचा पंप, टायोट्रोपियमचा.

"ही पाचही एकाच घरची माणसं आहेत," बाई म्हणाल्या. "आडनावं वेगळी लावतात, इतकंच. एकेकटी आली असती तर आजोबांनी सांभाळली असती. ह्या वयात पाच जण एकदम मुक्कामाला आले."

त्या घराण्याचे नाव अँटिकोलिनर्जिक. मराठीचा मास्तर असल्यामुळे मी त्याला लगेच एक प्रतिशब्द योजला, 'निरोपरोधक'. तो कोणत्याही कोशमंडळाला कळवलेला नाही. पण तो सुचला कसा, ते सांगण्याजोगे आहे.

आपल्या शरीरात मज्जातंतूंकडून अवयवांकडे निरोप जातात. ते विजेसारखे तारेतूनच थेट पोहोचतात की शेवटचा टप्पा एखाद्या रसायनाने पार होतो, यावर शास्त्रज्ञांत मोठा वाद होता. ऑस्ट्रियातल्या ग्राझ येथील ऑटो लेव्ही यांना या प्रश्नाचा प्रयोग स्वप्नात सुचला. त्यांनी अर्धवट झोपेत तो कागदावर उतरवला. सकाळी स्वतःचे अक्षर त्यांना लागेना! दुसऱ्या रात्री स्वप्न पुन्हा पडले. या खेपेला मात्र ते तडक उठून प्रयोगशाळेत गेले. दोन बेडकांची दोन हृदये घेतली. एकाची गती मंद करणारा मज्जातंतू चेतवला, आणि त्या हृदयाभोवतीचे पाणी दुसऱ्या हृदयावर घातले. दुसरेही मंदावले. म्हणजे पाण्यातून काहीतरी गेले होते. १९२१ साली हे प्रसिद्ध झाले आणि १९३६ साली लेव्ही व हेन्री डेल यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्या निरोप्याचे नाव अ‍ॅसिटिलकोलिन.

हा निरोप्या तोंडात लाळ आणतो, अंगाला घाम आणतो, आतडी हलवतो, मूत्राशय आवळतो, डोळ्याची बाहुली लहान करतो, हृदयाला जरा दमाने घ्यायला सांगतो. आणि मेंदूत लक्ष आणि स्मरण यांच्या कामीही तोच असतो. निरोपरोधक औषध काय करते, तर निरोप्याच्या स्टुलावर आधीच जाऊन बसते. निरोप्या येतो, जागा अडलेली बघतो आणि परत जातो. मूत्राशयाची घाई थांबते, त्यासाठीच ते दिले होते. पण ते स्टूल मूत्राशयाच्या दाराशी एकच नसते. ते तोंडाशी, डोळ्याशी, आतड्याशी आणि मेंदूशीही असते. म्हाताऱ्या मेंदूत निरोप्यांची संख्या आधीच कमी झालेली असते. सगळी स्टुले अडली की जागेपणी स्वप्न सुरू होते, आणि माणूस हवेतला धागा सांधू लागतो. हवेतून, पांघरुणातून असे काहीतरी वेचत राहणे ही या भ्रमाची जुनी खूण आहे, असे बाई म्हणाल्या. आबांच्या चिमटीत अठरा वर्षांची सवय होती, म्हणून ते वेचणे इतके सफाईदार दिसत होते.

हे घराणे आपल्याला परके नाही. त्याचा मूळपुरुष रेल्वेच्या रुळांकडेला उगवतो, महाशिवरात्रीला पिंडीवर वाहिला जातो आणि त्याला आपण धोत्रा म्हणतो. संस्कृत कोशकारांनी त्याला दिलेली नावे मी वर्षानुवर्षे नुसती पाठ केली होती: उन्मत्त, कितव, धूर्त, कनक. कितव म्हणजे जुगारी, फसवणारा. आता कळले की ही नावे कोणी अलंकारासाठी ठेवली नव्हती. धोत्र्याच्या बियांत अ‍ॅट्रोपीन, हायोसायमिन, स्कोपोलामिन ही द्रव्ये असतात. त्या बिया मिरचीच्या बियांसारख्या दिसतात. इंग्रजी अमदानीतल्या न्यायवैद्यकाच्या पुस्तकांत या बिया खाण्यात घालून वाटसरूंना लुटण्याची प्रकरणे आहेत. चोरांना त्यात दुहेरी सोय होती. माणूस बरळू लागे, आणि शुद्धीवर आल्यावर त्याला काही आठवत नसे.

युरोपात हेच द्रव्य बेलाडोना नावाच्या झाडात सापडते. बेलाडोना म्हणजे सुंदर स्त्री. डोळ्यांत रस घालून बाहुल्या टपोऱ्या करण्याची तिथे हौस होती. लिनियसने त्या झाडाच्या कुळाला 'अ‍ॅट्रोपा' नाव दिले, आणि अ‍ॅट्रोपीन त्यावरून आले. ग्रीक पुराणात माणसाच्या आयुष्याचा धागा सांभाळणाऱ्या तीन देवता आहेत. एक कातते, दुसरी मोजते, तिसरी कापते. कापणारीचे नाव अ‍ॅट्रोपॉस. इस्पितळाच्या बाकावर बसून मी हे आठवत होतो आणि आत आबा तिसऱ्या साच्याचा धागा सांधत होते.

पण या घराण्याला नुसतेच दुष्ट ठरवणे बरोबर नाही. आबांचा पंपच घ्या. गिरणीतल्या कापसाच्या तुसाने साचेखात्यातली आणि त्याच्याही आधीच्या पिंजणखात्यातली माणसे छातीने जात. या आजाराला बिसिनोसिस म्हणतात. केईएममधल्या डॉ. एस. आर. कामत यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गिरणी कामगारांना पाच वर्षे तपासून त्याचा अभ्यास केला आणि तो १९८१ साली प्रसिद्ध केला. आबांच्या छातीतली शीळ तिथलीच. तिच्यावर उतारा म्हणून जो पंप आहे, तोही धोत्र्याचाच दूरचा नातू. धोत्र्याच्या पानांचा धूर दम्यावर आपल्याकडे फार पूर्वीपासून घेत. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा उपाय मद्रासेहून विलायतेला गेला, आणि पुढे तिथे दम्याच्या सिगारेटी म्हणून विकला गेला.

आणि जिथला कापूस आमच्या गिरण्यांत येई, त्या विदर्भात हेच विष प्राण वाचवते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि मजूर दगावले, शेकडो आजारी पडले. फवाऱ्यातल्या औषधांत मोनोक्रोटोफॉससारखी औषधेही होती. ती निरोप्याला मरूच देत नाहीत. मग लाळ, घाम, छातीतला चिकटा यांचा पूर येतो आणि माणूस स्वतःच्या छातीतल्या पाण्यात बुडतो. तिथे डॉक्टर अ‍ॅट्रोपीनची सुई देतात, छाती कोरडी होईपर्यंत पुन्हा पुन्हा देतात. आमच्या आबांना जे होऊन बसले होते तेच तिथे मुद्दाम घडवून आणायचे असते.

लाळ आणि घाम दिसला की अ‍ॅट्रोपीन, असा सोपा हिशेब मात्र करता येत नाही. हे आबांच्याच तालुक्याने शिकवले. विंचू चावला की घाम, लाळ, उलट्या सुरू होतात, म्हणून पूर्वी त्यावर अ‍ॅट्रोपीन देत. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी कोकणातले लाल विंचवाचे रोगी रात्र रात्र उशाशी बसून पाहिले. ताण हृदयावर येतो आणि अ‍ॅट्रोपीन त्यात भरच घालते, म्हणून ते देऊ नये, असे त्यांनी मांडले. त्याऐवजी रक्तदाबाचे प्राझोसिन वापरले आणि १९८६ साली 'लॅन्सेट'मध्ये त्याविषयी लिहिले. आबांचा धाकटा भाऊ लहानपणी विंचू चावून गेला. ते बावस्करांच्या फार आधीचे. आबा त्याविषयीही बोलत नसत. त्या रात्री मात्र एक हाक त्याच्या नावाची होती.

मी बाईंना विचारले, "मग एवढ्या डॉक्टरांपैकी कोणाला कसं कळलं नाही?" विचारताना आवाज जरा चढला असावा. त्या शांतपणे म्हणाल्या, "त्यांना प्रत्येकाला आपलीच गोळी दिसत होती, सर. आणि दोन गोळ्या तर तुम्हीच दिल्यात." हे अगदी खरे होते. जून महिन्यात 'आणखी काही औषध चालू आहे का?' असे एका डॉक्टरांनी विचारले, तेव्हा 'फक्त बीपीचं' असे उत्तर देणारा इसम मीच. पंप हे औषध वाटत नव्हते, आणि झोपेची गोळी आठवली नाही.

म्हाताऱ्यांना कोणती औषधे जपून द्यावीत याची एक यादी अमेरिकेतले डॉ. मार्क बिअर्स यांनी १९९१ साली प्रथम केली. ती आजही तिथली वृद्धवैद्यकाची संस्था दर काही वर्षांनी सुधारून काढते. आमच्या सर्दीच्या गोळीतले क्लोरफेनिरामिन तिच्यात आहे, अ‍ॅमिट्रिप्टिलिन आहे, डायसायक्लोमिन आहे. बाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली ती हेडक्लार्कांना ऐकवावीशी वाटली. विस्मरणाच्या आजारावर दिली जाणारी डोनेपेझिल ही गोळी याच निरोप्याची संख्या राखून ठेवते. पुष्कळ घरांत एकाच म्हाताऱ्याला सकाळी ती गोळी आणि रात्री लघवीची निरोपरोधक गोळी चालू असते. एक भरतो, दुसरा सांडतो. हेडक्लार्कांच्या मेव्हण्यांचे पाकीट मी पाहिलेले नाही, पण त्यांना डबा घेऊन डॉक्टरांकडे जा म्हटले आहे. घरच्या घरी काही बंद करू नका, असेही सांगितले. कारण यांतल्या काही गोळ्या एकदम सोडल्या तर वेगळाच गोंधळ होतो. बाईंनीही आबांच्या सगळ्या गोळ्या एका फटक्यात टाकून दिल्या नाहीत. सर्दीची आणि मुरड्याची तिथल्या तिथे गेली, लघवीचीही गेली. झोपेची त्यांच्या देखरेखीखाली कमी होत गेली. पंप थोडे दिवस थांबवून पुन्हा सुरू केला. त्याचा वाटा सगळ्यांत लहान होता, आणि त्याच्यावाचून आबांना जिना चढवत नाही.

तिसऱ्या दिवशी जिभेला ओल आली. चौथ्या रात्री गिरणी बंद पडली. पाचव्या दिवशी आबांनी मला ओळखून विचारले, "कॉलेजला गेला नाहीस?" मी खाली जिन्यात जाऊन दादांना फोन केला. ते रडले. मग म्हणाले, "ते चौकशीचं मी बोललो, ते आबांना सांगू नकोस." मी म्हटले, पत्ता तर मीच लिहून घेतलाय.

लक्ष्मीपूजनाला आबा घरी आले. श्रीखंडाच्या डब्याची सूत्रे आता त्यांच्याकडे आहेत. कोणी शिंकले तरी ते डबा मांडीखाली घेतात. दर रविवारी पाकिटे ओळीत मांडून मोजतात, आणि औषधवाल्याने नवीन काही दिले की "हा कोणाकडचा?" असे विचारतात. मी पाकिटावरचे नाव वाचून दाखवतो. संशय वाटला तर ते पाकीट बाईंना दाखवल्याशिवाय फोडत नाहीत.

त्या चार रात्रींतले त्यांना काही आठवत नसेल असे आम्ही धरून चाललो होतो. परवा दिवाळीची साफसफाई करताना मी माळ्यावर होतो आणि ते खाली स्टूल धरून उभे होते. एकदम म्हणाले, "त्या डॉक्टरीणबाईंना विचारशील?"

"काय विचारू?"

"ती गोळी एखाद्या रात्रीपुरती मिळेल का? चारही साचे मस्त चालले होते रे."

मी हसलो. ते हसले नाहीत. स्टूल घट्ट धरून वर बघत राहिले. मी माळ्यावरून ट्रंक खाली दिली.